अभिजात इंग्रजी कादंबरी मुळातून वाचण्यासाठी शब्दसंग्रहाची तयारी : पायरीपायरीने

माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले आणि पुढचे शास्त्र शाखेत. इंग्रजी पाठ्यपुस्तके, वर्तमानपत्रे आणि कार्यालयातील पत्रव्यवहार यांत मला कधी अडचण आली नव्हती. त्यामुळे वयाच्या तिसाव्या वर्षी जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ हाती घेतली, तेव्हा ती महिनाभरात सहज वाचून होईल असे मी धरून चालले होते. तिसऱ्या प्रकरणापाशी वाचन थांबले. मग मी तेच केले जे बहुतेक जण करतात. एका शिकवणीवर्गाने छापलेली तीन हजार ‘कठीण’ शब्दांची यादी आणली आणि रोज वीस याप्रमाणे शब्द पाठ केले. पाच महिन्यांनी यादी संपली, कादंबरी पुन्हा उघडली आणि पाहते तो वाचन त्याच पानांवर अडत होते. यादीतले शब्द त्या पानांवर जवळजवळ नव्हतेच. जे शब्द होते ते मला आधीपासून येत आहेत असे मी समजत होते. अडचण होती ती ओळखीच्या शब्दांच्या जुन्या अर्थांची, त्या काळच्या वस्तू, कायदे आणि नात्यांची, तसेच अर्ध्या पानभर चालणाऱ्या वाक्यांची.

पुढील पायऱ्या त्यानंतरच्या काही वर्षांच्या वाचनातून ठरत गेल्या. येथे मी केवळ एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कादंबरीपुरते लिहीत आहे. शेक्सपिअरसाठी तयारी वेगळी लागते आणि ती या लेखात आणल्यास दोन्हींचा गोंधळ होईल.

जवळ काय काय असावे

- एका कादंबरीची टिपांसह छापलेली आवृत्ती. पेंग्विन क्लासिक्स किंवा ऑक्सफर्ड वर्ल्ड्स क्लासिक्स या मालांतील पुस्तकांच्या शेवटी टिपा असतात आणि जुन्या पुस्तकांच्या बाजारात ती कमी किमतीत मिळू शकतात.
- त्याच कादंबरीची प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावरील विनामूल्य प्रत. एखादा शब्द त्या पुस्तकात आणखी कोठे आला आहे हे त्या प्रतीत क्षणात शोधता येते, आणि या सोयीचा उपयोग पुढे वारंवार होणार आहे.
- विद्यार्थ्यांसाठीचा एक आधुनिक इंग्रजी-इंग्रजी कोश.
- वेबस्टरचा १९१३ सालचा मोठा कोश. तो महाजालावर विनामूल्य आहे. आज लोपलेले अर्थ आणि साहित्यातील उदाहरणे त्यात भरपूर सापडतात.
- मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. त्याचे कारण सातव्या पायरीत येईल.
- पेन्सिल, एक जाड वही, पोस्टकार्डाच्या आकाराची कोरी कार्डे आणि ती ठेवण्यासाठी तीन कप्पे केलेले खोके.

१. पुस्तक आपल्या पातळीचे आहे का, ते तपासा

पुस्तकाच्या मधले कोणतेही पान उघडा आणि साधारण तीनशे शब्दांचा मजकूर वाचा. ज्या शब्दांचा अर्थ सांगता येणार नाही त्यांच्याखाली ठिपका द्या. ठिपके सहा-सात भरले तर पुस्तक योग्य आहे. पंधराच्या पुढे गेले तर ते पुस्तक वर्षभर बाजूला ठेवा. या मोजणीला आधार आहे. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ साली असे मांडले की मजकुरातील ९८ टक्के शब्द ओळखीचे असतील तर इतरांच्या मदतीवाचून वाचता येते, आणि कादंबरीसाठी त्याकरिता आठ ते नऊ हजार शब्दकुले ठाऊक असावी लागतात. हा आकडा पाहून घाबरू नये. मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपे मिळून एक कुल धरले जाते. शिवाय एकच लेखक तेच तेच शब्द पुनःपुन्हा वापरतो, म्हणून पहिल्या पाच प्रकरणांत केलेले कष्ट पुढच्या पन्नास प्रकरणांत उपयोगी पडतात.

क्रम विचाराल तर मी पुढीलप्रमाणे सुचवेन. आधी शेरलॉक होम्सच्या १८९२ साली पुस्तकरूपाने आलेल्या बारा कथा, कारण प्रत्येक कथा एका बैठकीत संपते आणि पुढे काय झाले या उत्सुकतेने वाचक अडखळत का होईना, शेवटपर्यंत जातो. नंतर डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरल’ (१८४३), जी पाचच भागांची आहे. त्यानंतर ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) आणि मग ‘जेन एअर’ (१८४७).

विकत घेताना एक काळजी घ्या. मुखपृष्ठावर स्पष्ट न सांगता संक्षिप्त केलेल्या आवृत्त्या बाजारात बऱ्याच आहेत. प्रकरणे मोजणे हा सोपा उपाय आहे : ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ची ६१, ‘जेन एअर’ची ३८ आणि ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ची ५९ प्रकरणे असतात. ऑस्टिनची कादंबरी मुळात तीन खंडांत निघाली होती, त्यामुळे काही आवृत्त्यांत क्रमांक प्रत्येक खंडात पुन्हा एकपासून सुरू होतात. तेथे २३, १९ आणि १९ अशी बेरीज करून पाहावी.

२. आधी लहान शब्द पक्के करा

लांबलचक लॅटिन शब्दांपेक्षा दोन-चार अक्षरांचे शब्द अधिक घोटाळा करतात, कारण ते कोशात पाहावेत असे आपल्या मनातही येत नाही. ‘सेव्ह’ म्हणजे वाचवणे हे आपण जाणतो. परंतु या कादंबऱ्यांत तो अनेकदा ‘खेरीज’ या अर्थाने येतो. ‘बट’ हा ‘पण’ असतो तसाच ‘केवळ’ आणि ‘वाचून’ही असतो. वाक्याच्या मध्यावर स्वल्पविरामानंतर येणारा ‘फॉर’ बहुधा ‘कारण’ या अर्थाचा असतो. ‘लेस्ट’ म्हणजे ‘न जाणो अमुक होईल म्हणून’. ‘एअर’ असा उच्चार असलेला तीन अक्षरी ‘ई-आर-ई’ म्हणजे ‘पूर्वी’. ‘हिदर’, ‘दिदर’, ‘व्हेन्स’ हे इकडे, तिकडे, कोठून असे दिशेचे शब्द आहेत. ‘वोंट’ म्हणजे सवय, ‘फेन’ म्हणजे आनंदाने किंवा खुशीने, ‘हिदरटू’ म्हणजे आतापर्यंत आणि ‘नॉटविथस्टँडिंग’ म्हणजे ‘असे असूनही’.

असे शब्द फार तर चाळीस आहेत. सगळ्या तयारीत पाठांतर करण्याजोगा भाग हाच एक आहे, आणि तो दोन आठवड्यांत उरकतो.

३. ओळखीच्या शब्दांवर संशय घ्या

संपूर्ण लेखातून एकच पायरी घ्यायची असेल तर ही घ्या.

संस्कृतात ‘राग’ म्हणजे रंग, आसक्ती, प्रेम. मराठीत राग म्हणजे संताप. ‘चेष्टा’ म्हणजे संस्कृतात हालचाल किंवा प्रयत्न. आपल्याकडे चेष्टा म्हणजे थट्टा. संस्कृत काव्य वाचताना मराठी अर्थ मनात धरला तर प्रेमात पडलेला नायक रागावलेला वाटेल. दोनशे वर्षांपूर्वीचे इंग्रजी वाचताना आपल्या हातून नेमके हेच होते आणि त्याची चाहूलही लागत नाही, कारण चुकीच्या अर्थानेही वाक्य कसेबसे लागते.

काही शब्द येथे सविस्तर सांगते.

‘कॅन्डर’ म्हणजे आज स्पष्टवक्तेपणा. ऑस्टिनच्या काळी त्याचा अर्थ जवळजवळ उलट होता : दुसऱ्याविषयी चांगलेच धरून चालण्याची उदार वृत्ती. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’च्या चौथ्या प्रकरणात नायिका एलिझाबेथ आपली बहीण जेन हिला ‘कॅन्डिड’ म्हणते आणि लगेच त्याचा खुलासाही करते, की प्रत्येकाच्या स्वभावातले चांगले तेवढे घ्यावे, ते अधिक चांगले करून सांगावे आणि वाइटाविषयी काहीच बोलू नये, हे फक्त तुलाच जमते. हा खुलासा समोर असूनही मी पहिल्या वाचनात जेनला फटकळ समजले होते आणि पुढे तिचे मौन मला अनाकलनीय वाटत राहिले.

‘कॉन्डिसेन्शन’ आज दोष आहे. समोरच्याला तुच्छ लेखून बोलणे. त्या काळी तो गुण मानला जाई : थोरामोठ्याने आपला दर्जा क्षणभर विसरून लहानाशी सौजन्याने बोलणे. म्हणून कॉलिन्स हे धर्मोपदेशक लेडी कॅथरिनच्या कॉन्डिसेन्शनची मनापासून स्तुती करतात. हा अर्थ ठाऊक असेल तरच त्या स्तुतीमागचा लेखिकेचा हेतू कळतो.

‘सेन्सिबल’ म्हणजे अनेकदा शहाणा नव्हे, तर ‘जाणीव असलेला’. ‘सिंग्युलर’ म्हणजे एकवचन एवढेच आपण व्याकरणात शिकलो. होम्सच्या तोंडी तो ‘विलक्षण’ या अर्थाने येतो. ‘अॅड्रेस’ हा पत्ता असतो तसा बोलण्या-वागण्याची ढबही असतो. ‘डिस्कव्हर’ म्हणजे शोधणे, पण ‘उघड करणे’ही. ‘कॉम्प्लेसन्सी’ म्हणजे साधे समाधान. ‘वॉन्ट’ म्हणजे उणीव. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’च्या सुप्रसिद्ध पहिल्याच वाक्यात श्रीमंत अविवाहित पुरुष ‘इन वॉन्ट ऑफ’ पत्नी असतो असे म्हटले आहे, त्याचा अर्थ त्याला पत्नी हवी आहे असा नसून त्याच्याकडे पत्नीची उणीव आहे असा होतो. ती उणीव भरून काढण्याची घाई शेजाऱ्यांना झालेली असते, त्याला नव्हे.

काही शब्दांना पुढे शारीरिक अर्थ चिकटले आहेत, त्यामुळे विद्यार्थी गोंधळतात आणि विचारायला संकोचतात. ‘इंटरकोर्स’ म्हणजे येणे-जाणे, व्यवहार, संभाषण. ‘इजॅक्युलेट’ म्हणजे एकदम उद्गारणे. ‘मेक लव्ह’ म्हणजे प्रेमाची भाषा करणे, आर्जव करणे. ‘एमा’ या कादंबरीत बंद गाडीत एल्टन हे गृहस्थ एमाशी ‘व्हायलंट लव्ह’ करू लागतात, तेव्हा ते प्रत्यक्षात उत्कटपणे लग्नाची मागणी घालत असतात.

नातेवाचक शब्दही असेच फसवतात. नणंद, जाऊ, भावजय, मेहुणी असे वेगवेगळे शब्द असणाऱ्या आपल्या भाषेतून जाताना इंग्रजीतला तुटपुंजेपणा जाणवतोच. पण त्या काळी तो अधिक होता. भावाच्या बायकोला सरळ ‘सिस्टर’ म्हणत. ‘मदर-इन-लॉ’ हा शब्द सावत्र आईसाठीही वापरत. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये सॅम वेलर आपल्या सावत्र आईला असेच संबोधतो. पुस्तक सुरू करतानाच वहीच्या पहिल्या पानावर घराण्याचा वंशवृक्ष काढावा आणि त्यावर नाती मराठीत लिहावीत. पुढे बराच त्रास वाचतो.

संशय केव्हा घ्यावा, याची एक खूण आहे. वाक्यातला प्रत्येक शब्द येत आहे आणि तरीही त्या पात्राने असे का म्हटले हे कळत नाही, अशी वेळ आली की वाक्यातल्या सर्वांत साध्या नामाचा किंवा विशेषणाचा अर्थ १९१३च्या वेबस्टरमध्ये पाहा.

४. पैसा, जमीन, देऊळ आणि वाहने समजून घ्या

कोशातला अर्थ पुरेसा नसतो अशा शब्दांची ही पायरी आहे. येथे शब्दाबरोबर व्यवस्था शिकावी लागते.

पैशांपासून सुरुवात करा. एका पौंडाचे वीस शिलिंग आणि एका शिलिंगचे बारा पेन्स. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग, क्राउन म्हणजे पाच शिलिंग आणि फार्दिंग म्हणजे पेनीचा चौथा भाग. ही पद्धत इंग्लंडात फेब्रुवारी १९७१ पर्यंत चालू होती. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ पर्यंत रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होते. ज्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून पावकी-निमकी ऐकली आहे त्यांना हे गणित परके वाटणार नाही.

येथे एक मोठा सापळा आहे. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चा नायक डार्सी याचे ‘टेन थाउजंड अ इयर’ हे त्याचे वार्षिक उत्पन्न आहे, एकूण संपत्ती नव्हे. उलट त्याच्या बहिणीचे तीस हजार पौंड ही तिच्या नावची रक्कम आहे. तिचे उत्पन्न म्हणजे त्या रकमेवरचे व्याज. पुरुषाचा आकडा वर्षाचा आणि मुलीचा आकडा मुद्दलाचा, हे लक्षात न घेता दोहोंची तुलना केली तर कोण श्रीमंत आणि कोण गरीब याचा सगळा हिशेब उलटतो. ‘द फोर पर सेंट्स’ असे शब्द आले की ते चार टक्के व्याजाचे सरकारी रोखे समजावेत.

त्यानंतर जमीन. ‘एन्टेल’ म्हणजे मालमत्ता पुढे कोणाकडे जावी हे आधीच बांधून ठेवणारी कायदेशीर तरतूद. एलिझाबेथच्या बेनेट कुटुंबात पाच मुली आहेत आणि मुलगा नाही, म्हणून घर आणि जमीन दूरच्या पुरुष नातेवाइकाकडे जाणार आहे. मुलींच्या लग्नासाठी आई एवढी का धडपडते याचे उत्तर या एका शब्दात आहे; तो न समजता वाचणाऱ्याला ती बाई केवळ उथळ वाटते.

‘लिव्हिंग’ हा शब्द मी पहिल्यांदा ‘राहण्याची सोय’ असा वाचला आणि त्याच कादंबरीतल्या विकमची सगळी हकीकत माझ्या डोक्यावरून गेली. लिव्हिंग म्हणजे एखाद्या गावच्या चर्चचे धर्मोपदेशकपद आणि त्याला जोडलेले कायमचे उत्पन्न. ते देण्याचा अधिकार अनेकदा मोठ्या जमीनदाराकडे असे. आपल्याकडच्या देवस्थानाच्या इनामाची किंवा जोशीपणाच्या वतनाची कल्पना डोळ्यांसमोर आणली तर बरेच जवळ जाता येते, मात्र इंग्लंडात हे पद वंशपरंपरेने बापाकडून मुलाकडे जात नसे. त्याच ओघात ‘रेक्टर’, ‘व्हिकर’ आणि ‘क्युरेट’ यांतला फरक टिपून ठेवा. पहिल्या दोघांकडे पद असते. क्युरेट हा बहुधा थोड्या पगारावर काम करणारा साहाय्यक असतो आणि कादंबरीत त्याला मुलगी द्यायला कोणी सहसा उत्सुक नसते.

वाहनांवर फार वेळ घालवू नका, पण गाडीवरून माणसाची ऐपत कळते एवढे लक्षात असू द्या. छकडा, दमणी, टांगा आणि सारवट गाडी यांतून जसा गावात माणूस ओळखला जाई, तसा तेथे ‘गिग’, ‘फेटन’, ‘करिकल’ आणि ‘बरूश’ यांतून ओळखला जातो. गिग साधी, एका घोड्याची, दोन चाकांची. बरूश चार चाकांची आणि श्रीमंतांची. चित्रे पाहून घेतली की काम झाले.

५. कोणता शब्द शोधायचा आणि कोणता सोडायचा, हे ठरवा

प्रत्येक शब्दासाठी कोश उघडणारा वाचक दहाव्या पानापुढे जात नाही, आणि एकही न उघडणारा पन्नासाव्या पानावर पुस्तक मिटतो. मी पाळते तो नियम असा आहे. पहिल्या वाचनात प्रकरण न थांबता पुरे करायचे आणि अडलेल्या शब्दाखाली फक्त ठिपका द्यायचा. प्रकरण संपल्यावर परत यायचे. जो शब्द त्या प्रकरणात दुसऱ्यांदा आला आहे तो पाहायचा. ज्याच्यावाचून वाक्यच कोसळते तोही पाहायचा. बाकीचे ठिपके तसेच राहू द्यायचे.

शब्द महत्त्वाचा आहे की नाही अशी शंका आली तर गुटेनबर्गच्या प्रतीत तो शोधा. पुस्तकात एकदाच आला असेल तर सोडून द्या. आठ-दहा वेळा आला असेल तर तो त्या लेखकाच्या नेहमीच्या वापरातला शब्द आहे. शिवाय ते आठ-दहा संदर्भ एकाखाली एक वाचले की पुष्कळदा कोश न पाहताच अर्थ उमगतो आणि असा उमगलेला अर्थ फारच टिकतो.

मोबाइलवर शब्दाला बोट लावले की अर्थ दाखवणारी सोय सावधपणे वापरा. ती बहुधा आजचा, सर्वांत प्रचलित अर्थ आधी दाखवते आणि तिसऱ्या पायरीत सांगितलेल्या शब्दांच्या बाबतीत तोच अर्थ चुकीचा असतो.

६. वही आणि कार्डे

कार्डाच्या एका बाजूला सुटा शब्द लिहू नका. ज्या वाक्यात तो भेटला ते पूर्ण वाक्य लिहा आणि शब्दाखाली रेघ ओढा. मागच्या बाजूला त्या वाक्यापुरता अर्थ मराठीत लिहा. एका शब्दाचे पाच अर्थ एकाच कार्डावर उतरवण्याचा मोह आवरावा, कारण पाच अर्थ पाठ असलेल्या माणसाला ऐन वेळी एकही आठवत नाही. इंग्रजी शब्द वहीत रोमन लिपीतच लिहावा. देवनागरीत लिहिल्यास उच्चार राहतो आणि वर्णलेखन हरवते, मग तोच शब्द पानावर दिसला तरी ओळखू येत नाही.

दिवसाला सात-आठ कार्डे पुरेत. खोक्याच्या पहिल्या कप्प्यातली कार्डे रोज पाहायची, दुसऱ्यातली तीन दिवसांनी आणि तिसऱ्यातली दर रविवारी. अर्थ आठवला तर कार्ड पुढच्या कप्प्यात जाते, नाही आठवला तर पहिल्यात परत येते. जर्मन लेखक सेबास्टियान लाइटनर यांनी १९७०च्या दशकात लोकप्रिय केलेली ही पद्धत आहे. संगणकावर तेच काम ‘अंकी’ हा विनामूल्य प्रोग्रॅम करतो. मात्र दुसऱ्या कोणी तयार केलेले शब्दसंच त्यात उतरवून घेऊ नका. ज्या शब्दाची गाठ तुमच्या वाचनात पडली नाही तो स्मरणात राहत नाही, हे त्या तीन हजार शब्दांच्या यादीने मला शिकवले.

७. संस्कृत आणि मोल्सवर्थ यांचा उपयोग करून घ्या

मराठी वाचकाजवळ एक भांडवल आहे आणि ते बहुतेक वेळा पडून असते. लॅटिन, ग्रीक आणि संस्कृत या एकाच भाषाकुलातल्या आहेत, आणि इंग्रजीतले जडजंबाल शब्द बहुतांशी लॅटिन-ग्रीकमधून आलेले आहेत. ‘नक्त’ म्हणजे रात्र, म्हणून ‘नॉक्टर्नल’. ‘जानु’ म्हणजे गुडघा, म्हणून ‘जेन्युफ्लेक्ट’, गुडघा टेकणे. ‘वाच्’पासून ‘व्होसिफरस’ आणि ‘इक्विव्होकल’ यांच्यातला ‘व्होक्’ ओळखता येतो. ‘मृत’ आणि ‘मॉर्टल’, ‘युवन्’ आणि ‘ज्युव्हेनाइल’, ‘अग्नि’ आणि ‘इग्नाइट’, ‘स्वप्न’ आणि ‘सोपोरिफिक’, ‘धूम’ आणि ‘फ्यूम’ ही सारी सख्खी नाहीत तरी चुलत भावंडे आहेत. ‘इग्नॉमिनी’ या शब्दात ‘नाम’ लपलेले आहे : नाव जाणे, म्हणजेच बेअब्रू. ‘इम्पेडिमेंट’मध्ये ‘पद’ आहे : ज्यात पाय अडकतो तो अडथळा. असे दोन शब्द एकदा उलगडले की तिसरा स्वतः उलगडून पाहावासा वाटतो.

दोन गोष्टींची काळजी घ्यावी. केवळ उच्चारसाम्यावर जाऊ नये. ‘देव’ आणि ‘डेव्हिल’ सारखे ऐकू येतात, परंतु डेव्हिल हा ग्रीक ‘दिआबोलोस’मधून आला आहे आणि त्याचा देवाशी संबंध नाही. दुसरे म्हणजे, धातू हा शब्द लक्षात ठेवण्यासाठी आहे, अर्थ ठरवण्यासाठी नाही. अर्थ वाक्यच ठरवते.

आता मोल्सवर्थ. जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश प्रथम १८३१ साली आणि सुधारून १८५७ साली निघाला. ‘जेन एअर’ १८४७ची आणि डिकन्सच्या बहुतेक कादंबऱ्या त्याच्या मागच्या-पुढच्या. म्हणजे मराठी शब्दांचे अर्थ ज्या इंग्रजीत या कोशात दिले आहेत, ती नेमकी याच कादंबऱ्यांच्या काळची इंग्रजी आहे. तेव्हा कोश आपल्या बाजूने उघडा. ‘भिडस्त’, ‘खवचट’, ‘लाघवी’, ‘हेकट’ असे स्वभावाचे शब्द घ्या, जे तुम्हाला लहानपणापासून अंगवळणी आहेत, आणि त्यांच्यापुढे कोणते इंग्रजी शब्द दिले आहेत ते पाहा. अर्थ आधीच आपला असतो, शिकायचा असतो तो फक्त इंग्रजी शब्द. त्यामुळे स्वभावचित्रणाची शब्दसंपदा मला या मार्गाने जितकी लवकर आली तितकी दुसऱ्या कोणत्याही मार्गाने आली नाही. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहात १८५७ची आवृत्ती विनामूल्य शोधता येते.

८. लांब वाक्य उलगडा

सगळे शब्द कळूनही वाक्य लागत नसेल तर मुख्य कर्ता आणि मुख्य क्रियापद शोधून त्यांच्याखाली दुहेरी रेघ ओढा, मध्ये घुसलेली उपवाक्ये पेन्सिलीने कंसात टाका आणि उरलेले आधी वाचा. अर्धविराम आला की तेथे एक श्वास घ्या. त्या काळी अर्धविरामाने वाक्य तुटत नसे, पुढच्या विचाराशी जोडले जाई. ज्यांनी विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ वाचली आहे त्यांना ही बांधणी ओळखीची वाटेल, आणि त्याला कारण आहे : विष्णुशास्त्री याच इंग्रजी गद्यावर वाढले होते आणि डॉ. जॉन्सनच्या ‘रासेलस’चे भाषांतर कृष्णशास्त्री व विष्णुशास्त्री या पितापुत्रांनी मराठीत केले आहे.

दुहेरी नकारांकडे विशेष लक्ष द्या. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’च्या चौतिसाव्या प्रकरणात डार्सी मागणी घालतो, तेव्हा एलिझाबेथ त्या मानाविषयी ‘इन्सेन्सिबल’ राहू शकत नव्हती असे म्हटले आहे. एक नकार क्रियापदात, दुसरा विशेषणात. घाईने वाचल्यास ती बेफिकीर होती असा उलटा अर्थ लागतो. प्रत्यक्षात त्या मागणीतला मान तिला जाणवल्यावाचून राहिला नाही असे लेखिकेला सांगायचे आहे.

९. बायबलमधील संदर्भ आणि बोलीभाषा

शकुनीमामा, द्रौपदीची थाळी किंवा सुदाम्याचे पोहे यांचा अर्थ आपल्याला कोणी कोशातून सांगितलेला नाही. त्या काळच्या इंग्रज वाचकाला १६११ सालच्या बायबलमधील गोष्टी अशाच ठाऊक होत्या आणि कादंबरीकार त्या एका शब्दात उल्लेखून पुढे जातात. सगळे बायबल वाचण्याची गरज नाही. उत्पत्ती हे पहिले पुस्तक, ईयोबाची गोष्ट आणि चार शुभवर्तमाने मराठीतून वाचली तरी बहुतेक संदर्भ लागतात. ‘प्रॉडिगल सन’ म्हणजे लूकच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्र, हे एकदा वाचले की पुन्हा टीप पाहावी लागत नाही.

बोलीभाषेसाठी कोश उघडूच नका. ‘वुदरिंग हाइट्स’मधला जोसेफ यॉर्कशरच्या बोलीत बोलतो आणि त्याचे वर्णलेखनही तसेच केलेले आहे. सॅम वेलर ‘व्ही’च्या जागी ‘डब्ल्यू’ म्हणतो. मालवणी किंवा वऱ्हाडी संवाद छापील पानावर पाहून अडखळणारा वाचक तो मोठ्याने वाचताच हसू लागतो, तसेच येथे करावे. स्वतः वाचून जमले नाही तर लिब्रिव्हॉक्स या संकेतस्थळावर स्वयंसेवकांनी केलेले ध्वनिमुद्रित वाचन विनामूल्य ऐकता येते. पुस्तक समोर ठेवून एक प्रकरण ऐकावे. ‘दाऊ’ आणि ‘दी’ ही आपल्या ‘तू’ आणि ‘तुला’सारखी रूपे उत्तर इंग्लंडच्या बोलीत टिकून होती, एवढे येथे पुरे.

१०. दुसरे पुस्तक त्याच लेखकाचे घ्या

पहिली कादंबरी संपली की लगेच दुसऱ्या लेखकाकडे वळू नका. ऑस्टिननंतर ऑस्टिनचीच ‘एमा’ वाचली तर जमवलेले शब्द पुन्हा पुन्हा समोर येतात आणि कार्डांवरचे काम आपोआप होऊ लागते. दुसऱ्या पुस्तकात माझे ठिपके पानाला दोन-तीनवर आले होते. डिकन्सकडे जाताना ते पुन्हा वाढतील, कारण त्याचे शब्द दिवाणखान्यातले नसून रस्त्यावरचे, कचेरीतले आणि तुरुंगातले आहेत. तेव्हा पहिल्या पायरीची चाचणी पुन्हा घ्यावी आणि नव्या लेखकासाठी वहीत नवा विभाग करावा.

जॉर्ज एलियटची ‘मिडलमार्च’ (१८७१–७२) या मालिकेत शेवटी ठेवा. तिची सुरुवात ‘प्रिल्यूड’ नावाच्या एका छोट्या भागाने होते. त्यात कथेतले कोणीच येत नाही, संत तेरेसाविषयीचे चिंतन येते आणि वाक्ये फार दाट आहेत. अनेक वाचक तेथूनच परत फिरतात. तो भाग अडला तर सोडून सरळ पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करावी आणि कादंबरी संपल्यावर, नायिका डोरोथियाची सारी हकीकत मनात ताजी असताना, परत येऊन तो वाचावा.